वरच्या जबड्याचं माप

बापाला धारेवर धरायचं तर आधी त्याची बोलती बंद करायला हवी, हे तिने लहानपणीच हेरलं होतं. माणूस असा गोडबोल्या, की शाळेतल्या बाई तक्रार घेऊन यायच्या आणि हसत परत जायच्या. आईही त्याच्या बोलण्यावर हसत राहिली आणि एक दिवस त्याने काढता पाय घेतला. ती तेव्हा पहिलीत होती.

आता ती दातांची डॉक्टर होती, आणि तोंडाचं बोळकं झालेला तोच माणूस कवळीसाठी तिच्या खुर्चीत बसला होता. केसपेपरवरचं नाव वाचून तिने गेल्या आठवड्यातच ओळखलं होतं. तिच्या तोंडावर मास्क. त्याला कळायचं काही कारण नव्हतं. आज माप घ्यायचं होतं. साच्यात गुलाबी लगदा भरून तो टाळूवर दाबायचा आणि घट्ट होईपर्यंत पेशंटने हूं की चूं करायचं नाही. अशी संधी कुठल्या लेकीला मिळते!

"नाकाने श्वास घ्या. बोललात तर माप बिघडेल," असं म्हणून तिने साचा दाबून धरला. मग वाकून म्हणाली, "मी ठमी. तुमची मुलगी."

आईची आजारपणं, लोकांचे टोमणे, सगळा पाढा वाचायचा होता. वर्षानुवर्षं घोकलेला. पण मेली जीभ भलतीकडेच वळली.

"मला खिडकीत बसवून तुम्ही पेपर वाचायचात. खोट्या बातम्या घालून. 'ठमीने आज दूध सांडलं नाही, शहरात आनंदीआनंद.' तुम्ही गेल्यावर मी अक्षरं जुळवत पेपरात माझी बातमी शोधायचे."

किती चांगले होते ते दिवस, आणि तेच तर खुपत होतं.

लगदा केव्हाच घट्ट झाला होता. तिने साचा ओढून काढला. आता येतील गोड गोड कारणं, म्हणून ती तयारीत उभी राहिली.

म्हाताऱ्याने तोंड पुसलं. "दारावरची तुझ्या नावाची पाटी वाचूनच आलो होतो. घराजवळ दुसरे दवाखाने आहेत मला."

"मग गेल्या वेळी बोलला का नाहीत?"

"मी बोलायला लागलो, की समोरच्याचं राहून जातं. तुझ्या आईचं राहिलंच. म्हटलं, तुझं तरी आधी होऊ दे."

म्हणजे सूडसुद्धा याच्याच परवानगीने! तिला रागही आला आणि रडूही. तिने खालच्या जबड्याचा साचा घेतला, नवा लगदा कालवला.

"तोंड उघडा, बाबा," ती म्हणाली. "माझं अजून झालेलं नाही."