चाकाचा आऊट

मित्रांनो, माणसाच्या डोक्याला वायरी लावून मेंदूतली बारीक वीज पडद्यावर दाखवणारं यंत्र मी. वय झालंय, एक बटण चिकटतं. पण म्हातारं झालं म्हणून आंधळं नाही हो! यवतमाळच्या एका दवाखान्यात मी आलो, तेव्हा मला फुलांचा हार घातला होता. पुढे नवीन यंत्र आलं आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली.

तिथून मला बाहेर काढलं मेंदूच्या डॉक्टर रंजिता यांनी. त्यांच्यासोबत असत कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारे वामनराव. डॉक्टर विचारत, मेंदूत काय चाललंय? वामनराव विचारत, ते जाणवतंय कोणाला? भांडण ऐकावं तर या दोघांचं!

राळेगावचे सायकल मिस्त्री जलाल डोक्याला मार लागून दीड महिना निपचित पडले होते. डोळे उघडे, पण हाकेला ओ नाही. मला त्यांच्या डोक्याला जोडलं, त्या दिवशी ते ऐकत असल्याची काही खूण मिळाली नाही, तर उपचार थांबवून त्यांना घरी न्यायचं ठरलं होतं.

डॉक्टर त्यांच्या कानाशी म्हणाल्या, “मनातल्या मनात टेनिस खेळा.” पुस्तकात तसंच दिलं होतं. माझ्या पडद्यावर काहीच बदललं नाही. मिस्त्रींची बायको जैबुनबी चिडली.

“बाई, यायनं जन्मात टेनिस पाह्यलं नाही! चाकाचा आऊट काढायले सांगा ना!”

“बरोबर!” वामनराव म्हणाले. “त्यांचं जग कोणतं, हे आपण विचारलंच नाही.”

मग डॉक्टर म्हणाल्या, “मिस्त्री, पाना घ्या, चाकाचा आऊट काढा, वाकडं चाक सरळ करा.” आणि काय सांगू! हात जागचा हलला नाही, पण हाताचा कारभार बघणाऱ्या मेंदूच्या भागावरची लहर बदलली. ‘आता थांबा’ म्हटलं की पहिल्यासारखी. दहा वेळा सांगितलं, आठ वेळा तसंच झालं. वा रे मिस्त्री!

“ऐकताहेत ते! उपचार चालू ठेवू,” डॉक्टर म्हणाल्या.

“त्यांना कसं वाटतंय, ते मात्र यंत्र सांगणार नाही,” वामनराव म्हणाले. खरंच आहे. मला लहर दिसते, दुःख दिसत नाही. पण या दोघांपैकी एकट्याच्यानं एवढंही झालं नसतं, आणि जैबुनबीशिवाय तर नाहीच नाही. मला तिघांचं फार कौतुक वाटलं.

जैबुनबी हसली आणि मग एकदम तिनं कपाळाला हात लावला.

“म्हंजे सारंच ऐकून राह्यले होते? आम्ही तं इथंच बसून कफनाचं बोललो!”

तिनं नवऱ्याचा हात घट्ट धरला आणि लेकाच्या नावानं त्यांना हाक मारली. “सादचे अब्बा, माफ करजा.”

मित्रांनो, माझ्या वायरी तुटल्या तर नव्या मिळतील, पण कानावर गेलेला शब्द परत घेता येत नाही. म्हणून निपचित माणसाच्या उशाशी बसाल, तेव्हा तो ऐकतोय असं समजूनच बोला.