भरल्या टाकीतला श्वास

चढावरच्या वळणापाशी आम्ही पोहोचलो तेव्हा तिथे सात-आठ स्कूटर आधीच उभ्या होत्या आणि त्यांच्याभोवती पन्नासेक माणसं. कुणी दुकान अर्धवट सोडून आलेलं, कुणी कामावरची पिशवी अजून खांद्यालाच लावलेली. मधोमध पत्र्याच्या शेडखाली खुर्चीवर किकबाबा. खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. बंद पडलेली स्कूटर त्यांच्या हातून एका किकमध्ये सुरू होते म्हणून किकबाबा.

आमची स्कूटर शेडच्या दोनशे पावलं अलीकडेच बंद पडली होती. आमची म्हणजे ताईची, मी फक्त मागे बसलो होतो. ताई परिचारिका. घरोघरी जाऊन मलमपट्टी करायची, इंजेक्शनं द्यायची, आणि तिची बरीचशी घरं चढाच्या वर. मी छापखान्यात मुद्रितं तपासतो. चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे, त्यामुळे घरात मला फारसं कुणी मनावर घेत नाही.

"टाकी भरली होती?" बाबांनी विचारलं.

"आत्ताच भरली. खालच्या पंपावर," ताई म्हणाली.

गर्दीत कुजबुज झाली. बाबांनी मान हलवली, जणू आजार ओळखीचाच होता.

"या वळणावर जे गेले, त्यांचा शेवटचा श्वास इथेच घुटमळतोय. त्याला जागा हवी असते. भरली टाकी दिसली की शिरतो आत. रिकाम्या टाकीत कशाला जाईल? तुम्ही तरी रिकाम्या ताटावर बसता का?"

लोक हसले. मला राहवलं नाही. "पण जागा रिकाम्या टाकीत जास्त असते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "हे कोण?"

"धाकटा भाऊ. छापखान्यात चुका काढतो," ताई ओशाळून म्हणाली.

"मग यांना अख्खं जगच चुकलेलं दिसणार."

या वेळी लोक जरा जास्तच हसले.

बाबांनी सीट उचलली. धुपाटणं टाकीभोवती तीनदा फिरवलं. झाकणावर हात ठेवून ते अगदी हळू फिरवलं, आणि फुस्स असा आवाज आला. स्पष्ट, लांबलचक. पुढे उभी असलेली माणसं दोन पावलं मागे सरली.

"गेला," बाबा म्हणाले.

मग झाकणाला आतून-बाहेरून राख चोळली, अंगठ्याने नीट पुसलं, पुन्हा बसवलं आणि डोळे मिटून पुटपुटायला लागले. मी घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं आणि वर थोडं. "मार किक." ताईने किक मारली. पहिल्याच किकला स्कूटर सुरू.

शेवटी ताईने पुढ्यातल्या पेटीत दक्षिणा टाकली आणि बाबांनी उजव्या मुठीला, ब्रेकच्या दांडीखाली, बोटभर जाडीचा लाल दोरा गुंडाळला. त्यासोबत नियमही आला. वर्षभर गाडीला मिस्त्रीचा हात लागता कामा नये. लोखंडी पाना लागला की दोरा मेला.

परत येताना मी मागे बसून तेच पुन्हा पुन्हा मनात तपासत होतो. गाडी माझ्यासमोर बंद पडली होती, आवाज मी माझ्या कानांनी ऐकला होता. सगळं थोतांड आहे याची मला खात्री होती आणि ते थोतांड कसं चालतं हे मला सांगता येत नव्हतं. त्या रात्री झोप लागली नाही. पुढेही कितीतरी दिवस छापखान्यात एकच ओळ तीन-तीनदा वाचत होतो.

त्याआधी ताई दर महिन्याला मिस्त्रीकाकांकडे गाडी न्यायची. ते ब्रेकची तार ताणून द्यायचे, ऑइल बघायचे, टायरवरून हात फिरवायचे. आता ते सगळं बंद झालं. दोन महिन्यांत मागच्या टायरची नक्षी पुसली गेली. एकदा तिच्या दारात उभी असलेली गाडी मी पुढे ढकलली आणि हाताचा ब्रेक दाबला. तार सैल झालेली, त्यामुळे दांडी मुठीला टेकेपर्यंत दाबावी लागणार होती. पण मध्ये तो जाड दोरा. दांडी दोऱ्यावर अडली आणि गाडी आपली पुढे चालली. पायाचा ब्रेक तर पार खाली गेला तरी उशिराच लागत होता.

"ताई, ब्रेक लागत नाही."

"लागतो रे. जरा आधी दाबायचा."

"किती आधी? घरून निघतानाच?"

तिने पिशवीची चेन ओढली. "तुला गंमत सुचते. भर उन्हात, औषधांची पिशवी घेऊन, बंद गाडीशेजारी कोण उभं राहतं? मी. दोऱ्याआधीच्या दोन महिन्यांत चार वेळा बंद पडली होती. दोरा बांधल्यापासून एकदाही नाही. का नाही, ते सांग. सांगता येत असेल तर आत्ता काढते दोरा."

मी बाजूला झालो, तिने किक मारली आणि निघाली.

तीन आठवड्यांनी छापखान्यात फोन आला. उतारावर पाण्याचा टँकर रस्त्यात आडवा वळत होता. ताईने दोन्ही ब्रेक दाबले, गाडी थांबली नाही. टँकर चुकवायला तिने गाडी कडेच्या भिंतीवर घातली. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. हेल्मेटला कानापासून टाळूपर्यंत तडा गेला होता. तो तडा हेल्मेटला गेला म्हणून ताई माझ्याशी बोलत होती.

भेटायला आलेल्यांपैकी निम्म्यांनी एकच गोष्ट सांगितली. काहीतरी नियम मोडला असणार. ती माणसं गेल्यावर ताई हळूच म्हणाली, "मोडलाच होता. मागच्या आठवड्यात चाकात हवा भरली, तेव्हा हवावाल्याने कुठलासा नट पान्याने आवळला. मी नको म्हणायला हवं होतं."

शेकडो जखमा धुतलेली माझी बहीण, आपल्या मोडक्या हाताचा दोष हवावाल्याच्या पान्याला देत होती. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. आत बसलो असतो तर काहीतरी वेडंवाकडं बोललो असतो.

मनगटाचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी ताईला सलाईन लावलं होतं, कडक प्लास्टिकची बाटली. थोड्या वेळाने थेंब मंदावले आणि थांबले. नवखी परिचारिका नळी चाचपत होती, सुई हलवत होती. ताई पडल्या पडल्या म्हणाली, "अगं, बाटलीला हवेची सुई लावली नाहीस. आत हवा गेली नाही तर पाणी खाली येईल कसं?"

मुलीने जीभ चावली आणि बाटलीच्या बुचात आणखी एक सुई टोचली. बारीक फुस्स झालं, आत बुडबुडे उठले, थेंब पुन्हा पडू लागले.

ताई त्या बुडबुड्यांकडे बघत राहिली. मला वाटलं हात दुखतोय. मग तिने विचारलं, "टाकीच्या झाकणाला भोक असतं का रे?"

मी तसाच उठून मिस्त्रीकाकांकडे गेलो.

मिस्त्रीकाकांनी एक जुनं झाकण उजेडात धरून दाखवलं. टाचणी जेमतेम जाईल एवढं भोक. "हे बुजलं की पेट्रोल जळेल तशी टाकीत पोकळी तयार होते. काही अंतर गेलं की पेट्रोल खाली उतरतच नाही. टाकी गच्च भरलेली असेल तर आत हवा थोडीच असते, मग आणखी लवकर."

"आणि झाकण उघडलं की?"

"हवा आत शिरते. आवाज येतो." त्यांनी झाकण खाली ठेवलं. "तिथे बंद पडलेली एकही गाडी बंद असताना माझ्यासमोर आली नाही, नाहीतर मला कळायला किती वेळ लागला असता? मी बोललो की लोक म्हणायचे, धंदा बसला म्हणून जळतोय."

सगळ्या गाड्या टाकी भरूनच त्या चढाला लागायच्या, म्हणून दुसऱ्या दिवशी काका आणि मी त्यांच्या स्कूटरवर खालच्या पंपावर गेलो. मी मुद्रित तपासावं तसा तिथल्या माणसाच्या हातांवर नजर ठेवून होतो. त्याने आधी आमच्या मुठीकडे पाहिलं. दोरा नव्हता. झाकण हातात घेतलं, टाकी काठोकाठ भरली, फडक्याने झाकण पुसलं, आणि पुसताना अंगठा एका जागी जरा जास्त वेळ दाबला. आमच्या मागच्या स्कूटरला दोरा होता. तिचं झाकण त्याने नुसतं काढलं आणि लावलं.

पुढच्या कोपऱ्यावर थांबून आम्ही झाकण उघडलं. भोकात मेण होतं, तेच जे बाबा राख चोळताना अंगठ्याने काढून टाकत. दोरा बांधल्यापासून गाडी का बंद पडली नाही, या ताईच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच मिळालं. दोरा गाडीची राखण करत नव्हता, तो पंपावरच्या माणसासाठी खूण होता. ज्याने दोरा घेतला, त्याला सोडून द्यायचं.

ताईला हॉस्पिटलमधून घरी सोडल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा पंपावर टाकी भरली आणि मेण न काढता चढाला लागलो. ताई गळ्यात हात अडकवून रिक्षाने मागून येत होती. वळण दिसायला लागलं आणि स्कूटरने दम तोडला. काकांचा चेहरा मी पाहिला. बिघाड झाल्यावर इतका खूश झालेला मिस्त्री मी दुसरा पाहिलेला नाही.

गर्दी होतीच. बाबांनी आमची गाडी पुढे घेतली, विचारायचं ते विचारलं, सांगायचं ते सांगितलं. धुपाटणं उचललं तेव्हा काकांनी पाण्याची बाटली काढून निखाऱ्यांवर ओतली.

"हे काय?" बाबा म्हणाले.

"पेट्रोलच्या टाकीशेजारी विस्तव. इतके दिवस इथे कुणी भाजलं नाही, तोच काय तो चमत्कार."

लोकांना हे आवडलं नाही. दोघेतिघे पुढे सरकले. तेवढ्यात ताई मध्ये आली. तिला बहुतेक जण ओळखत होते. कुणाच्या आईला, कुणाच्या सासऱ्याला तिने टोचलेलं होतं. तिचा प्लॅस्टरमधला हात पाहून माणसं थांबली.

"बाबा, श्वास बाहेर जातो ना?"

"जातो."

"मग एवढं बघू द्या." तिने कापसाचा पातळ पुंजका काढला, डाव्या हाताने झाकणाच्या कडेला धरला आणि मला म्हणाली, "हळू फिरव."

मी झाकण फिरवलं. फुस्स झालं. बाहेर जाणाऱ्या श्वासाने कापूस उडायला हवा होता. तो झाकणाखालच्या फटीत ओढला गेला आणि तिथेच चिकटला.

"श्वास बाहेर गेला, मग कापूस आत कसा गेला?" ताईने विचारलं. आवाज चढवला नाही. रोग्याला कुठे दुखतं विचारावं तसं विचारलं.

बाबा म्हणाले, "श्रद्धा नसली की उलटं दिसतं."

"बरं. आता कुणी पुटपुटू नका. फक्त दोन मिनिटं थांबा. पेट्रोल खाली उतरायला तेवढा वेळ लागतो."

दोन मिनिटं पन्नास माणसं एका स्कूटरकडे बघत उभी राहिली. काकांनी किक मारली. पहिल्या किकला सुरू झाली नाही. कुणीतरी खिदळलं. दुसऱ्या किकला झाली.

काकांनी झाकण उलटं करून टाचणीने मेण काढून दाखवलं. बाबा लगेच म्हणाले, "यांनीच भरलं असेल."

तेव्हा मागून एक शिंपी म्हणाला, "माझी पण मघाशी बंद पडलीय. यांनी हात नाही लावला." त्याने आपली सीट उचलली आणि झाकण उजेडात धरलं. मेण. शेजारच्या कॉलेजातल्या बाईंनी उघडलं. मेण. मग सगळ्याच सीटा उघडायला लागल्या. बंद पडलेल्या सहा गाड्या, सहाही झाकणांत मेण. दोरेवाल्या गाड्यांची भोकं मोकळी. बाबा पुढ्यातली पेटी उचलून शेडमागे गेले. दोघांनी त्यांना अडवून पंपावर नेलं, तर तिथला माणूस आधीच पळालेला. तो त्यांचा मेहुणा निघाला.

सगळे मात्र निघून गेले नाहीत. एक आजोबा आपल्या मुठीवरचा दोरा कुरवाळत ताईपाशी आले. "पोरी, तुझं पटलं. पण हा दोरा आजच काढू, की एखादा बरा दिवस बघून?"

"आजोबा, घरी कसे जाणार?"

"उतारानेच की."

"मग आत्ताच काढा."

ते विचारात पडले. मग त्यांनी मूठ पुढे केली. ताईने पिशवीतून मलमपट्टीची कात्री काढली, डाव्या हाताने ती तिला नीट धरता येईना, म्हणून दोरा मी ताणून धरला आणि तिने कापला. आजोबांनी ब्रेक दाबून पाहिला. दांडी मुठीपर्यंत आली. त्यांच्यामागे आणखी दोघे येऊन उभे राहिले. चौघांनी मात्र दोरा तसाच ठेवला आणि आमच्याकडे न बघता निघून गेले. ते उताराला लागले तेव्हा मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिलो, वळण संपेपर्यंत.

माझी बेचैनी म्हणूनच संपलेली नाही, आणि म्हणून हे लिहितो आहे. स्कूटर हे यंत्र आहे. तिला हवा लागते, तेल लागतं, ताणलेली तार आणि नक्षी शिल्लक असलेलं टायर लागतं. निघण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून बघायला अर्धं मिनिट पुरतं. हेल्मेटचा पट्टा लावायला त्याहून कमी. जो माणूस तुम्हाला ही तपासणी करू नका म्हणतो, तो कितीही गोड बोलत असला तरी तुमच्या जिवावर उठलेला आहे. समोर घडलेली गोष्ट कशी घडली ते कळत नसेल, तर नाही कळत म्हणा आणि विचारत राहा. मला उत्तर येत नव्हतं, म्हणून तीन महिने मी गप्प बसलो. ती माझी चूक होती. उत्तर नसलं तरी ब्रेक लागत नाही हे मला दिसत होतं, आणि तेवढं गाडी अडवायला पुरेसं होतं.