उर्दू मंडळीनंतरची वेळ

"तुझ्या घरीच करू या, संध्याताई," सत्यजित म्हणाला. "तुझी बैठकीची खोली मोठी आहे."

इथे आखातात, करामा भागातल्या माझ्या फ्लॅटमध्ये तो, त्याची आई वासंतीकाकू आणि मी चहा घेत होतो. काकू नगरहून व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या आणि सोमवारी परत जाणार होत्या. जाण्यापूर्वी मुलाच्या चर्चच्या मंडळीबरोबर, मराठीतून, एकदा प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, घ्यावं एवढीच त्यांची इच्छा होती. गुडघ्यांची अवस्था पाहता त्या पुन्हा इकडे येणार नव्हत्या, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.

आमची मराठी उपासना चर्चच्या आवारातल्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा होते. तिथे एक मंडळी बाहेर पडते तशी दुसरी आत शिरते. मल्याळी, फिलिपिनो, उर्दू, सगळ्यांच्या वेळा ठरलेल्या. आमची पुढची वेळ काकू गेल्यानंतरची होती. मंडळीची सेक्रेटरी मी, शिवाय घरही माझंच, त्यामुळे होकार-नकार माझ्याकडे.

"उपासना परवानगीच्या जागीच करायची असते इथे," मी म्हणाले. "आणि तहानं परवाच बजावलंय, फ्लॅटमध्ये गर्दी नको." तहा आमच्या इमारतीचा वॉचमन.

"पहिली ख्रिस्ती मंडळी घराघरांतच जमायची ना? येशूच्या शिष्यानं, पेत्रानं, अधिकाऱ्यांना तोंडावर सांगितलं, आम्ही देवाचं ऐकू, तुमचं नाही. आणि तू वॉचमनला घाबरतेस!"

"पेत्राला मनाई कसली होती?"

"येशूचं नाव घेऊ नका, अशी."

"तशी मनाई मला कोणी केलीय?"

काकू बशीत चहा ओतत ऐकत होत्या.

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. दोन नमुने सारखे दिसतात म्हणून सारखे धरायची मला सवय नाही. त्या काळचे ख्रिस्ती कर भरत, रोमच्या सम्राटासाठी प्रार्थनाही करत. त्याच्या मूर्तीपुढे चिमूटभर धूप घालायला मात्र नकार देत, आणि त्यापायी जीवही देत. नकार कुठे द्यायचा हे त्यांना नेमकं कळत होतं. हॉलची वेळ न मिळणं हा काही छळ नव्हे.

"म्हणजे आई तशीच जाणार," सत्यजित म्हणाला.

"असं मी कुठे म्हटलं? यल्ला, चल, गाडी काढ."

उर्दू मंडळीच्या शहनाझबाजी हॉलमध्येच होत्या, खुर्च्या लावत. मी अडचण सांगितली.

"अम्मा जा रही हैं? फिर पूछना क्या!" त्या म्हणाल्या. "इतवार को हम जल्दी खत्म करेंगे." आणि माझ्याबरोबर चर्चच्या ऑफिसात येऊन त्यांनी तो बदल मंजूरही करून घेतला.

परतताना सत्यजित म्हणाला, "मला हे सुचलंच नाही."

"तू रोमशी लढत होतास," काकू मागच्या सीटवरून म्हणाल्या.

रविवारी उर्दू मंडळी बाहेर पडली, पण शहनाझबाजी आणि आणखी काही जणी काकूंसाठी मागेच थांबल्या. आमच्या पाळकांनी भाकर मोडली. काकूंनी दोन्ही हात पुढे केले. शेवटी पाळकांनी त्यांनाच प्रार्थना करायला सांगितलं. सत्यजितचा खांदा धरून त्या उभ्या राहिल्या.

"प्रभू, या देशाच्या राज्यकर्त्यांना शहाणपण दे. या बायांनी त्यांची वेळ मला दिली, त्यांचं भलं कर. आणि संध्याच्या बिल्डिंगीतल्या त्या तहाला सांभाळ. माझा लेक त्याच्यावर उगाच चिडलाय."

सगळे आमेन म्हणाले. सत्यजितचं जरा उशिरा आलं, पण आलं.