कोळ्याची होडी

शपथ घेते, माझ्या काचेची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे! खोटं निघालं तर मला भंगारात घाला.

मित्रांनो, मी एक जुनी सूक्ष्मदर्शक दुर्बीण आहे. लांबचं दाखवणारी नाही, बारीक जीव मोठे करून दाखवणारी. एका कारागिराने फुंकर मारमारून माझी काच घासली, आणि मी आले कोळ्यांवर संशोधन करणाऱ्या बाईंच्या टेबलावर. आठ पायांचे, भिंतीवरचे कोळी हो! बाई मला 'आमची थोरली' म्हणायच्या. वर्षानुवर्षं त्यांचा डोळा माझ्यावरून हलला नाही.

मग खोलीत एआय आला. शेजारच्या टेबलावरचे मुंगीवाले सर म्हणाले, "अहो बाई, कशाला डोळे फोडून घेता? त्याला सांगा, झटक्यात लिहून देतो." बाईंनी सांगून पाहिलं. पत्रं झाली, तक्ते झाले. बाई खूश! माझ्यावर फडकं पडलं ते पडलंच.

एक दिवस मोठे साहेब येणार होते. त्यांना काम पटलं नाही तर आमची खोली जाणार. कोळी बाहेर, बाईही बाहेर. बाईंनी घाईघाईने एआयला सांगितलं, "कोळी जाळं कसं विणतो, साध्या भाषेत एक पान लिही." वरच्या दोन ओळी वाचल्या, "छान!" म्हणाल्या, आणि साहेबांपुढे उभ्या राहिल्या.

"कोळ्याचं जाळं बारीक आणि मजबूत असतं," बाई वाचू लागल्या. "पहाटे भरती पाहून कोळी होडी पाण्यात ढकलतो..."

अगं बाई गं! फडक्याखाली मला घाम फुटला. मेल्या एआयने मासे पकडणारा कोळी धरला होता!

साहेब म्हणाले, "बाई, तुमचा कोळी आठही पायांनी वल्हवतो का हो?"

मुंगीवाले सर खोकतच सुटले.

बाईंनी कागद टेबलावर आपटला, माझं फडकं ओढलं आणि डबीतला कोळी माझ्याखाली ठेवला. "साहेब, ते राहू द्या. हे बघा."

साहेब वाकले. आणि किंचाळलेच! "अरे बापरे! हा तर पोटातून सूत काढतोय!" त्यांची टोपी उडाली ती थेट पंख्यात अडकली. तरी गडी जागचा हलेना. पुन्हा बघू, पुन्हा बघू! खोली राहिली.

आता बाई आधी माझ्यातून बघतात, मग एआयला लिहायला बसवतात, आणि पान तळापर्यंत वाचतात. "कुठला कोळी घेतलास रे?" असं दरडावतातसुद्धा. मित्रांनो, तुम्हीही त्याला खुशाल कामाला लावा. पण आधी आपल्या डोळ्यांनी बघा. आणि आमच्यासारख्यांची काच अधूनमधून पुसत जा.

बरं, एक कबूल करते. टोपी पंख्यात अडकली नव्हती. साहेब टोपीच घालत नाहीत. होडी मात्र खरी.