मंगळवारचे अपडेट

नानांनी बटण दाबून धरले, लॅपटॉप पुरता विझू दिला आणि पुन्हा सुरू केला. पंखा घरघरला, कंपनीचे चिन्ह उमटले, आणि स्क्रीन पुन्हा काळीठिक्कर पडली. डाव्या कोपऱ्यात एक बारीक पांढरी रेघ तेवढी उघडझाप करत राहिली.

"कुणीतरी हात लावलाय," ते मोठ्याने म्हणाले.

खोलीत कुणी नव्हते. पलीकडच्या खोलीतून येणारा घासण्याचा आवाज मात्र क्षणभर थांबला आणि मग पुन्हा सुरू झाला. ते थांबणे नानांच्या ध्यानात राहिले.

पलीकडे जावई कामाला बसला होता. तो दातांच्या कवळ्या बनवत असे. दवाखान्यांतून जबड्यांचे साचे यायचे आणि तो दिवसभर त्यांच्यावर वाकून दात घासून गुळगुळीत करायचा. मुलगी सकाळीच नोकरीवर जाई, त्यामुळे बायको गेल्यावर इथे राहायला आलेल्या नानांना दिवसभर सोबत असायची ती या आवाजाची. "लोकांना खोटे दात बसवून देणारा माणूस," ते मुलीला एकदा म्हणाले होते, "खरंच बोलत असेल असं मी धरून चालत नाही." मुलगी पोट धरून हसली होती. नानांनी विनोद केलेला नव्हता.

आजची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हतीच. नानांची सगळी नोकरी पंपांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून गेली होती. पाणीपुरवठा केंद्रातला एक जुना पंप अजून त्यांच्याच हातच्या आराखड्यांवर चालत होता. कारखाना बंद पडला, आराखडे कुठे गेले कुणालाच कळले नाही, आणि केंद्राचा इंजिनिअर शोधत शोधत नानांपर्यंत आला. "तुमच्याशिवाय हा पंप कुणाला कळतच नाही हो," तो म्हणाला होता. त्या वाक्यावर नाना उन्हाळाभर तरंगत होते. नवे आराखडे जवळपास पुरे झाले होते. उद्या तो न्यायला येणार होता, आणि ते सगळे या काळ्या स्क्रीनच्या मागे होते.

काय बिघडले असावे याचा अंदाज नानांना होता. या लॅपटॉपमधले चित्र दाखवणारे ग्राफिक्स कार्ड इतके जुने होते की ते चालवणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम आता नव्याने निघतच नसे. शेवटचा निघाला होता तो लॅपटॉप चालवणाऱ्या लिनक्स यंत्रणेच्या एका जुन्या कर्नलशीच जुळवून घ्यायचा. कर्नल म्हणजे यंत्रणेचा गाभा. तो बदलला की ड्रायव्हर रुसायचा आणि चित्रच दिसायचे नाही. म्हणून नानांनी त्या कर्नलला कुलूप लावून ठेवले होते. बाकीचे काय हवे ते अपडेट होवो, गाभ्याला हात लावायचा नाही. या कुलपावर लॅपटॉप वर्षानुवर्षे बिनतक्रार चालला होता.

त्यांनी लॅपटॉप दुरुस्तीच्या मोडमध्ये सुरू केला. तिथे चित्र नसते, नुसती अक्षरे. कोणता भाग कधी बदलला याची नोंद त्यांनी काढली आणि चष्मा कपाळावर सरकवून नाक स्क्रीनला लागेपर्यंत वाकले. मंगळवार, दुपार. नवा कर्नल बसवला. आज लॅपटॉप बंद करून उघडल्यावर तो लागू झाला होता.

म्हणजे आधी कुणीतरी कुलूप काढले होते.

मंगळवारी दुपारी नाना झोपले होते. निदान दुपारी ते झोपतातच. मुलगी कामावर. घरात उरला कोण? हाच माणूस गेले कित्येक आठवडे मागे लागला होता, "नाना, हा जुना झाला. नवा घेऊ या ना." नव्याला नाना बधत नाहीत म्हटल्यावर जुन्याचाच काटा काढायचा, असा हिशेब असणार. शिवाय घराकडे त्याचे लक्ष कुठे असायचे? मागे गॅस चालू राहून दूध जळून कोळसा झाले, तेव्हा "माझ्या हातून राहिला असेल" म्हणाला. पुढचे दार रात्रभर उघडे राहिले, तेव्हाही तेच. कबूल करायचा, मान खाली घालायचा, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा काहीतरी. अशा माणसाच्या हाती मुलगी दिली, या विचाराने नानांचा जीव कितीदा खालीवर झाला होता.

"जावईबापू, जरा इकडे या."

जावई हातांवरची पांढरी पूड झटकत दारात येऊन उभा राहिला.

"मंगळवारी दुपारी माझ्या लॅपटॉपला कुणी हात लावला?"

जावयाने स्क्रीनकडे पाहिले, मग नानांकडे.

"मीच लावला असेन, नाना. अपडेट करा, अपडेट करा असं सारखं येत होतं. मी हो म्हटलं."

नानांनी भांडणाची सगळी तयारी केली होती. दाराला खांदा लावावा आणि ते नुसतेच लोटलेले निघावे, तसे त्यांचे झाले.

"नुसतं हो म्हणून भागत नाही. बदल करायचा वेगळा पासवर्ड लागतो."

"हो. टाकला की मी."

"तुम्हाला कुठून मिळाला?"

"तुम्ही टाकताना बघितला होता एकदा."

"काय आहे तो?"

जावयाने अंगठ्याच्या नखातली पूड काढायला घेतली.

"आईंचं नाव."

"नाही."

"मग त्यांची जन्मतारीख."

"तुम्ही ठोकून देताय."

"तेव्हा आठवत होता, नाना. आता विसरलो."

"बरं. आणि कुलूप कसं काढलंत?"

"कुठलं कुलूप?"

माणूस खोटे बोलतोय हे शाबीत झाले होते. पण त्यांना पकडायचे होते ते खोटे हे नव्हते.

"जा तुम्ही," ते म्हणाले. "कामं असतील."

जावई गेला. नानांनी मागे टाइप केलेल्या आज्ञा उलट्या क्रमाने वर आणायला सुरुवात केली. दोन-चार ओळींनंतर ती सापडली. कुलूप काढण्याची आज्ञा आणि तिच्यापुढे एक शेरा, इंग्रजी अक्षरांत लिहिलेले मराठी: कुलूप तात्पुरते काढले आहे, काम होताच लावणे.

कारखान्यात आराखड्यावरची एक रेघ बदलली तरी शेजारी कारण लिहावे लागे. ती सवय नानांच्या बोटांत मुरली होती. कॉम्प्युटरला दिलेल्या आज्ञेपुढेही ते शेरा मारत. या घरात असे करणारा दुसरा माणूस नव्हता. जगातही फारसे नसतील.

कसले काम? नानांनी आठवणीत मंगळवार शोधला. सोमवार सापडला, मुलीने केस कापले होते. बुधवार सापडला. मधल्या जागी हात घातला तर नुसती दुपार होती, कुणाचीही असावी तशी.

त्यांनी कीबोर्डवरचे हात काढून गुडघ्यांवर ठेवले. 'मीच लावला असेन.' 'माझ्या हातून राहिला असेल.' पलीकडून घासण्याचा आवाज येत नव्हता. किती वेळ येत नव्हता, तेही त्यांना सांगता आले नसते.

मग ते कामाला लागले, कारण ते काम त्यांना येत होते. सुरू होतानाच्या यादीतून जुना कर्नल निवडला, नवा काढून टाकला, कुलूप पुन्हा लावले. लॅपटॉप उठला. स्क्रीन उजळली आणि पंपाचा उभा छेद जसाच्या तसा समोर आला. नानांनी प्रत्येक माप नजरेखालून घातले. त्यात चूक नव्हती. मग पुन्हा एकदा पहिल्यापासून तपासले.

"सुरू झाला?" जावई दारातून विचारत होता. "चहा ठेवतो मग."

"थांबा. इकडे या." नाना खुर्चीवरून उठले. "बसा."

"मी?"

"बसा म्हणतोय ना."

जावई खुर्चीच्या कडेवर टेकला. नानांनी त्याच्या खांद्यावरून हात घालून एक आज्ञा टाइप केली आणि आपला जुना पासवर्ड दिला. मग हात मागे घेतला.

"तो गॅस..." ते म्हणाले आणि अडखळले.

"बंद आहे, नाना. आत्ताच बघून आलो."

जावई स्क्रीनकडेच बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

"बदल करायचा पासवर्ड आता तुम्ही ठेवा," नाना म्हणाले. "नवा. तुमच्या मनातला. मला सांगायचा नाही. मी मागितला तरी आधी विचारायचं, कशाला हवाय म्हणून."

"पण नाना, लॅपटॉप तुमचा..."

"आराखडे माझे. हे तुम्ही सांभाळा."

ते खिडकीशी गेले आणि त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले. खाली एक बाई सायकलच्या चाकात हवा भरत होती. मागे एक बटण वाजले, आणखी एक, आणि मग सगळे थांबले.

"नाना, अक्षरंच उमटत नाहीयेत. ठिपकेसुद्धा नाहीत."

"पासवर्ड टाकताना नाहीच दिसत काही," नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पोहोचतं सगळं. तुम्ही टाकत राहा."