चिठ्ठीखालचं उत्तर

शिसपेन्सिलीने लिहिलेला एकच शब्द – 'असतात' – आणि त्यापुढे टिंबाऐवजी इवलासा गोल. मुखपृष्ठाच्या आत तिनेच चिकटवलेली अभिप्रायाची पिवळी चिठ्ठी, तिच्यावर तिचंच टपोरं अक्षर: 'नायिकेची निराशा अतिरंजित. या वयाच्या मुली इतक्या खचलेल्या नसतात.' आणि खाली हे. असतात.

पुस्तकात लिहू नये ही पाटी काय शोभेला लावलीय, असं पुटपुटत तिने खोडरबरासाठी खण उघडला. किशोरांसाठी आलेली प्रत्येक नवी कादंबरी ग्रंथपालाने आधी वाचायची, दोन ओळींचं मत चिठ्ठीवर लिहायचं, मगच ती कपाटात लावायची – हा रिवाज बावीस वर्षांपूर्वी इथे ग्रंथपाल झाल्यावर तिनेच पाडलेला. हल्लीच्या कादंबऱ्यांनी मात्र तिचं डोकं उठवलं होतं. जो तो रडका. सोळा वर्षांची पोर आणि साऱ्या जगाचं ओझं डोक्यावर, आईबाप म्हणजे सात जन्मांचे वैरी, तीनशे पानं नुसता अंधार... आमच्या वेळी नव्हती बाई ही थेरं, हाल काढले तरी हसत होतो – हसत होते ना मी? – खोडरबर कागदाला टेकला आणि तिचा हात थांबला. हा गोल.

वाक्याशेवटी टिंब द्यायचं, भोपळा काढायचा नाही, म्हणून तिने एकदा लेकीची तिसरीतली वही टराटरा फाडली होती. लेक रडली नाही. नव्या वहीत पुन्हा तेच गोल. घरात तिला खारूताई म्हणायचे. गालात काहीतरी साठवल्यासारखी गप्प बसायची म्हणून. आता सोळाची झाली, अजून गप्पच... पण लेक तर दोन वर्षांत वाचनालयाची पायरी चढली नाही, ती मोठ्यानेच बोलून गेली.

"चढते की," शिपाईकाका म्हणाले. "दर सोमवारी येते. चार ते सहा. त्या खिडकीपाशी बसते."

"सोमवारी माझी सुट्टी असते."

"हो ना. मला वाटलं, तुम्हीच पाठवता." मग तिचा चेहरा बघून, "बाई, माझं काही चुकलं का?"

सोमवारी चार ते सहा लेकीचा गणिताचा क्लास असायचा. म्हणजे, ती तसं सांगायची.

तिने कपाटातून एकेक पुस्तक ओढून उघडायला सुरुवात केली. 'मैत्रीण दुरावल्याचं दुःख फार लांबवलं आहे.' खाली: 'किती दिवसांत संपवायचं असतं?' गेल्या वर्षी लेकीची एकुलती एक मैत्रीण दुसऱ्या गावी गेली तेव्हा भाजी चिरता चिरता तिने लेकीला म्हटलं होतं, "होतील गं दुसऱ्या." मान वर करून बघितलं होतं का मी? आठवत नाही, आठवतात फक्त भाजीचे तुकडे... पुढच्या पुस्तकात: 'आई विनाकारण दुष्ट रंगवली आहे.' आणि खाली, बारीक अक्षरात: 'दुष्ट नाही. घाईत असते.' दोन वाक्यं, दोन गोल.

ती टेबलाशी येऊन बसली. अकरा पुस्तकं. अकरा उत्तरं. घरात "जेवलीस का" ला "हो" आणि "काय झालं" ला "काही नाही" म्हणणारी पोर इथे सोमवारमागून सोमवार आईशी बोलत होती, आणि आई तेवढा वार सोडून रोज येत होती.

उद्या सोमवार. सुट्टी रद्द करून खिडकीपाशी जाऊन बसावं, तर ती दारातूनच परत फिरेल, आणि बोलायची ही एवढी जागाही जाईल. न यावं, तर... पहिल्या चिठ्ठीवरच्या त्या 'असतात'खाली तिने पेन्सिलीने लिहिलं: 'कधीपासून?' वाचलं. हजेरी घेतल्यासारखं वाटलं. खोडलं. 'मला सांग' – हा हुकूम. खोडलं. 'मी आहे ना' – हे तर तिला स्वतःलाच खरं वाटेना. कागद घासून घासून विरला. दुसऱ्यांच्या वाक्यांना नावं ठेवण्यात जन्म गेला, आणि पोटच्या पोरीला लिहायला एक धड वाक्य सुचत नव्हतं.

"बाई, बंद करायचं ना?" शिपाईकाकांनी किल्ल्या वाजवल्या.

घर वीस मिनिटांवर. लेक दार उघडेल, "काही नाही" म्हणेल. आजवर त्या दोन शब्दांनी तिला हायसं वाटायचं. आज ते ऐकायच्या भीतीनेच तिला खुर्चीतून उठवेना.