काळूच्या कानात पाणी

मित्रांनो, हसू नका. मी एक म्हातारी शेळी आहे, पेठकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरची. माझं एक शिंग मोडकं आहे, दाढी पिवळी पडली आहे, आणि स्वभाव असा की पाड्यातली कुत्रीसुद्धा मला वळसा घालून जातात. तरीही एका बाईने माझा केसाने गळा कापला. ती बाई म्हणजे माझी आईच होती म्हणा ना!

माझी खरी आई मी जन्मले त्याच थंडीत मेली. ललिता तेव्हा नुकतीच लग्न होऊन या घरात आली होती. तिची सासू चिमणाबाई म्हणाली, "हे करडू नाय जगायचं." ललिताने ऐकलं नाही. नागलीच्या पेजेत बोट बुडवून तिने मला चाटवलं, आपल्या गोधडीत निजवलं आणि मी जगले. ती विहिरीवर निघाली की मी तिच्या मागे. तिचा नवरा दत्तू चिडवायचा, "ती बघ, तुझी थोरली लेक आली!" मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

पुढे माझी बरीच करडं बाजारात गेली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आम्हाला कशासाठी पाळतात ते मला कळतं. पण काळूची गोष्ट वेगळी होती.

किती वर्षं वाट पाहून ललिताला मुलगी झाली, तृप्ती. त्याच भाद्रपदात मला काळू झाला. ललिता तापाने फणफणली होती, तिला दूध येईना. ती माझ्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "एक सड तुझ्या लेकराला, एक माझ्या. काळूला मी कधी इकायची नाय, शप्पथ हाय." मी मान्य केलं. काळू अर्धपोटी राहिला, तृप्ती बाळसं धरू लागली. ती गोधडीवर पालथी पडून काळूचे कान ओढायची आणि तो खुशाल ओढू द्यायचा.

ऐन थंडीत तृप्तीची छाती भरली. तिला श्वास घेता येईना. नाशिकच्या दवाखान्यात न्यायला जीप आली, तेव्हा ललिता पोरीला पोटाशी धरून अंगणात आली. वणीच्या गडाकडे तोंड करून तिने काळूच्या कपाळावर हात ठेवला. ती पुटपुटली, "आई सप्तशृंगी, माझी तृप्ती घरी येऊ दे. हा तुझा."

मला वाटलं, बाई माझ्या लेकराला आशीर्वाद देते आहे!

तृप्ती बरी होऊन आली आणि माझा जीव भांड्यात पडला. आता काळूला कुणी काठी दाखवेना. त्याला कोवळा पाला, गूळ, कपाळाला कुंकू. मी इतर शेळ्यांपुढे मिरवायची, की आमच्या दुधाची जाण ठेवणारी माणसं आहेत ही. किती मूर्ख होते मी!

चैत्रात घरचे गडावर जाऊन नारळ फोडून आले. मग बोकड द्यायला म्हणून त्याच आईच्या नावाने काळूला गावातच, गावदेवीच्या झाडाखाली नेलं. मीही मागोमाग गेले, मला कुणी हाकललं नाही. आमच्याकडे बोकडाच्या अंगावर पाणी शिंपडतात. त्याने अंग झटकलं, तर देवीने पत्करला. नाही झटकलं, तर तो जिवंत घरी येतो.

गावचे भगत झिपरूबाबा यांनी पाणी शिंपडलं. काळू शांत उभा राहिला. पुन्हा शिंपडलं. तो चिमणाबाईच्या मांडीवरच्या तृप्तीचा हात चाटत राहिला. झिपरूबाबा हसले. "देवी नाय घेत, पोरी. ने त्याला घरी."

"सुटला बिचारा," दत्तू म्हणाला.

तेवढ्यात धुळीने तृप्तीला खोकला आला. साधा ठसका होता तो. पण ललिताचा चेहरा पांढराफटक पडला. तिने झिपरूबाबांच्या हातातला तांब्या ओढून घेतला आणि सरळ काळूच्या कानात धार धरली.

कानात पाणी गेलं की आम्हा शेळ्यांना अंग झटकल्याशिवाय राहवत नाही. आम्हाला हाताने वाढवणाऱ्या माणसाला हे पक्कं ठाऊक असतं. काळूने अंग झटकलं.

"कानात ओतलंस तू," झिपरूबाबा हळूच म्हणाले.

"झटकलं ना, बाबा? मग झालं," ललिता म्हणाली.

चिमणाबाईने पदर तोंडाला लावला. मी ओरडत राहिले. ललिताने माझ्याकडे पाहिलंच नाही. काळूला तिने विकलं नाही, एवढा शब्द मात्र पाळला!

संध्याकाळी ती भांडं घेऊन आली. मी शिंग रोखून उभी राहिले.

"मार मला," ती रडत म्हणाली. "पण दूध चोरू नको गं. लेकरू उपाशी हाय."

आत तृप्ती रडत होती. मी दूध दिलं. त्या पोरीचा काय दोष? ललिताच्या जागी मी असते आणि काळूचा जीव तृप्तीवर टांगलेला असता, तर मीही पाणी ओतलं असतं. म्हणून तर तिला शाप द्यायला माझं तोंड उघडत नाही. पण माफीही मला जमलेली नाही.

मित्रांनो, देवाला जरूर नवस बोला. पण जे द्याल ते तुमचं स्वतःचं असू द्या. आणि दुसऱ्याचं लेकरू देणारच असाल, तर निदान त्याच्या आईच्या डोळ्यांत बघून द्या. ललिताने माझ्यासाठी तेवढंही केलं नाही.